फडताळातल्या आईचं धुणं

ज्या घरात देव राहतो, त्या घरच्या बाईला उसंत नसते. आमच्याकडे तो सासऱ्यांच्या आजोबांपासून राहतोय, आतल्या खोलीच्या फडताळात. त्याच्यासाठी तांदूळ धुणं, मासा कापणं, साके म्हणजे तांदळाची दारू गरम करणं आणि सण उरकल्यावर वीसेक पुरुषांच्या वाट्या घासणं हे सगळं माझ्या वाट्याचं. प्रार्थना पुरुषांच्या. आमचे हे, म्हणजे कान्सुके, गावातल्या या देवाच्या मंडळाचे प्रमुख. सणाच्या दिवशी काळा किमोनो घालून फडताळासमोर बसतात आणि तासभर प्रार्थना पुटपुटतात. तिच्या शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक नाही, त्यांच्या वडिलांनाही नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, अर्थ कळायला लागला की माणूस शब्द बदलतो. एवढं शहाणपणाचं ते क्वचितच बोलतात, म्हणून लक्षात राहिलंय.

देव म्हणजे एक चित्र. हातभर लांबीचा कागद, वर-खाली बांबूची काठी, गुंडाळून ठेवता येईल असा. त्यावर किमोनो घातलेली आई, तिच्या कुशीत, चित्रात डावीकडे, लेकरू, पायाखाली पिवळी वाकडी होडी. आईच्या डोक्याला पांढरं फडकं, हनुवटीखालून बांधलेलं, आम्ही बायका वाळूवर मासे सुकवताना बांधतो तसं. ख्रिस्ताचं नाव घेतलं तर मान जायची, त्या काळात आमच्या पूर्वजांनी ख्रिस्ताच्या आईला असे आमच्याकडचे कपडे चढवले आणि फडताळात लपवली. पुढे बंदी उठली, पण आम्ही काही तिला बाहेर काढली नाही. दार आजही अर्धंच उघडतो. डावीकडचं सरकवायचं, उजवीकडचं बंदच ठेवायचं, म्हणजे कुणाची चाहूल लागली तर एका हाताने लावून घेता येतं. आता कोण येणार आहे? वीजबिलाचा माणूस तेवढा येतो. पण रीत ती रीत.

तर या आईला कसर लागली. लेकराचे पाय गेले, तिची एक बाही गेली. असं झालं की आमच्यात चित्र धुतात. धुणं म्हणजे पाण्यात बुडवणं नव्हे. नव्या कागदावर जसंच्या तसं पुन्हा काढायचं, एक रेघ इकडची तिकडे करायची नाही. मग समोरच्या खडकाळ बेटावरून आणलेलं पाणी नव्या चित्रावर शिंपडायचं, म्हणजे जुन्यातला जीव नव्यात येतो. जुनं चित्र फेकत नाहीत. घरातले आजोबा कारभार सोडून मागच्या खोलीत जातात, तसं ते निवृत्त होऊन पेटीत जातं. मागचं धुणं माझ्या सासूबाईंच्या लहानपणी झालं होतं. आता कोण करणार, यावर मंडळाच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्हींचे मासे मीच कापले.

शेवटी नाव निघालं हात्सुनोचं.

हात्सुनो म्हणजे आमच्या खालच्या गल्लीतली, झेंडे रंगवणारी. नवी होडी पाण्यात उतरली की मालकाला मित्रमंडळी मोठाले झेंडे देतात, लाटा, उगवता सूर्य आणि मध्ये उसळलेला लाल मासा. हे काम तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर झेंड्यांची मागणी काही थांबली नाही, म्हणून तिने ब्रश उचलला आणि चार वर्षांत लोक नवऱ्याचं नाव विसरले. बुटकी, जाड बोटांची, मनगटापर्यंत निळी. बोलायला कंजूष. तिच्या झेंड्यांची एक खोड होती. तिचा मासा पुढे उसळायचा, पण डोळा मागे वळलेला असायचा. गेन्पाची नावाचा एक वात्रट नावाडी दर वेळी विचारायचा, "काकू, तुमचा मासा मागे काय बघतो? चूल पेटती राहिली का घरी?" त्यावर ती म्हणायची, "पुढे बघत असता तर तुझ्या जाळ्यात आला असता का, मेल्या?"

मासा मागे का बघतो, ते मला माहीत होतं. गावातल्या बहुतेकांना माहीत होतं, फक्त कुणी बोलत नसे.

तिला एकच मुलगा, साकिची. तिचा दीर तामेजो ब्राझीलला कॉफीच्या मळ्यावर निघाला तेव्हा सरकारचा नियम असा होता की कुटुंबात कामाचे तीन जण तरी हवेत. तामेजोकडे तो, त्याची बायको आणि तीन लहान मुली. रताळ्याच्या एका वावरावर ती पाच तोंडं जगत नव्हती. मग थोरल्या भावाने, म्हणजे हात्सुनोच्या नवऱ्याने, आपला मुलगा कागदोपत्री धाकट्याला दिला. असं तेव्हा पुष्कळ घरांत झालं. हात्सुनोला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या तीन पोरींकडे बघून ती नाही म्हणाली नसती. साकिची तेव्हा अठराचा होता, मिशीही धड फुटली नव्हती.

त्या सकाळी धक्क्यावर मी तिच्या शेजारी होते. आमच्याकडे बोट सुटताना जाणारा आणि राहणारा एकाच रंगीत कागदी फितीची दोन टोकं धरतात. बोट दूर जाते तशी फीत उलगडत जाते, ताणते, मग तुटते. हात्सुनोच्या हातात पिवळी होती आणि तिचं दुसरं टोक डेकवर साकिचीकडे. भोंगा वाजला आणि ही बाई मान फिरवून दीपस्तंभाकडे बघायला लागली. पोरगा वरून ओरडत होता, "आई, इकडे बघ." हिने बघितलं नाही. फीत ताणली, तुटली, बोट वळली, तरी हिची मान तशीच. मी कोपराने ढोसलं, दंडाला चिमटा काढला. दगड झाली होती ती.

घरी परतताना ती एवढंच म्हणाली होती, "बघितलं असतं तर खाली उतर म्हणाले असते."

साकिचीचं पत्र कधीच आलं नाही. नवीन वर्षाला तामेजोचं यायचं, त्यात तळाशी 'साकिची मजेत आहे' अशी एक ओळ. नवरा गेला तेव्हा तार पाठवली, तिचंही उत्तर तामेजोनेच दिलं. हात्सुनोने त्यावर कधी तक्रार केली नाही. पण दुपारची बोट लागायच्या वेळी ती हातातला ब्रश बाजूला ठेवायची आणि भोंगा होऊन गेला की परत उचलायची. मला तिचा राग यायचा. रड ना बाई एकदाची, असं वाटायचं.

धुणं सुरू व्हायच्या आधी हिरादोहून इवानागा मास्तर आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, चर्चमध्ये जाणारे. आमच्या चित्राची त्यांना फार उत्सुकता होती. आमचे हे परक्याला फडताळ दाखवत नाहीत, पण मास्तरांनी आणलेली साके चांगली होती. हात्सुनोलाही त्या दिवशी कागदाचं माप घ्यायला बोलावलं होतं. ती दारापाशी बसली आणि मी चहा देण्याचं निमित्त करून तिच्या मागे.

मास्तर बराच वेळ चित्रापुढे वाकून होते. मग हळूच म्हणाले की ही होडी नसावी, चंद्रकोर असावी. परदेशी चित्रांत आईच्या पायाखाली कोर काढायची पद्धत होती. म्हातारे जिन्नाई, मंडळात सगळ्यांत वडील, लगेच तडकले. म्हणाले, आमच्या आईला चंद्र कशाला हवा, ती आमच्याबरोबर समुद्रावर येते, होडीच आहे. मास्तर भले माणूस, त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं की आई लेकराकडे बघत का नाही, याबद्दल इथे काय सांगतात? कारण खरंच आमची आई लेकराकडे बघत नाही. मान उजवीकडे, नजर चित्राच्या बाहेर. जिन्नाई म्हणाले, "पहारा देतेय. शिपाई येतात का बघतेय." हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

मास्तर म्हणाले की तिकडच्या चित्रांतही असं पुष्कळदा असतं. त्या पोराच्या नशिबी पुढे काय आहे ते आईला ठाऊक असतं, म्हणून तिला त्याच्याकडे बघवत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. रात्रीचा देखावा असतो, दिवा कुठेच नसतो, उजेड लेकराच्या अंगातून येतो आणि सभोवतीच्यांच्या तोंडावर पडतो, अशीही चित्रं असतात. आमच्या चित्रात तसं काही दिसत नाही, नकलांच्या नकला होताना हरवलं असेल कदाचित, असं म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात दारातून हात्सुनो बोलली. पुरुषांच्या बैठकीत बाई बोलते म्हणून सगळे वळले.

"मास्तर, आईला ठाऊक असतं, ते कळलं. पण ती का बघत नाही, हे त्या लेकराला ठाऊक असतं का?"

मास्तरांनी वाटी खाली ठेवली. चित्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "ते मला नाही सांगता येणार, बाई," म्हणाले.

चित्र घराबाहेर न्यायचं नाही, म्हणून हात्सुनो आमच्याच आतल्या खोलीत बसायची. रोज सकाळी आंघोळ, कोरे कपडे, मांस-अंडं वर्ज्य, नवा ब्रश. मी भात आणि लोणच्याचा मुळा नेऊन द्यायची आणि तिथेच रेंगाळायची. दारातून ऊन आत यायचं, तिच्या मांडीपर्यंत. होडी झाली, किमोनोच्या चुण्या झाल्या, लेकरू झालं. चेहऱ्यापाशी आली आणि ब्रश थांबला. दोन दिवस ती नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "इसायो, मी हिचे डोळे वळवणार आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हातातल्या ताटलीतला मुळा घरंगळला.

"वेड लागलंय का तुला? रेघ बदलायची नसते."

"दोन ठिपके आहेत गं नुसते. एवढे एवढे. अर्ध्या दारातून कुणाला दिसणार आहेत?"

"मला दिसतील. रोज फडताळ पुसते मी."

"मग तू बघ आणि गप्प बस. पुढचं धुणं होईल तेव्हा आपण कुणी नसू. ते लोक माझं बघून काढतील. मग कायमची ती त्याच्याकडे बघत राहील." मग म्हणाली, "एका तरी आईने बघायला हवं ना."

मी तिला नियम सांगितले. ह्यांना कळलं तर ते पाणी शिंपडणार नाहीत. पाणी नाही तर जीव नाही, नुसता रंगवलेला कागद, झेंड्यासारखा. मी हे लागट बोलले आणि लगेच जीभ चावली. ती काही रागावली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की जीव येवो न येवो, ते लेकरू इतकी वर्षं त्या आईच्या तोंडाकडे बघत पडलंय. आणि खरंच, आमच्या चित्रातल्या लेकराची नजर वर आईकडेच आहे. इतकी वर्षं फडताळ पुसून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री मी ह्यांना काही बोलले नाही. कुणाच्या बाजूने बोलावं, तेच मला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हात्सुनोने स्वतःच ह्यांना विचारलं. डोळ्यांचं नाही, तेवढी ती हुशार. म्हणाली, चेहऱ्याचा रंग कसरीने खाल्लाय, नीट कळत नाही, पेटीतलं निवृत्त झालेलं चित्र एकदा बघू द्या. मला तिचा डाव कळला. त्या जुन्यात आई लेकराकडे बघत असली, तर डोळे वळवायला आधार मिळणार होता. हे तयार झाले. पेटी उघडली, गुंडाळी काढली, गुडघ्यांवर बसून आम्ही तिघांनी ती बोट-बोट उलगडली.

कागद धुराने चहासारखा झाला होता. आणि जिथे आईचे डोळे असायला हवेत, तिथे भोक होतं. कसरीने नेमके तेवढेच खाल्ले होते. हात्सुनोने डोळे मिटून घेतले. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून स्वयंपाकघरात जायला निघाले.

"इसायो, थांब. हिचं फडकं कुठंय?"

मी वाकून पाहिलं. जुन्या चित्रातल्या आईच्या डोक्याला फडकं नव्हतंच. कपाळ काळोखात होतं, सावळं. पण हनुवटीच्या खाली, गळ्यापाशी, डावीकडच्या गालावर पांढरा रंग लावलेला होता, खालून वर हळूहळू विरत गेलेला. गाठ नाही, काठ नाही. हात्सुनोने बोट कागदाला न टेकवता त्या पांढऱ्यावरून फिरवलं, खाली खाली, आणि ते जाऊन थांबलं लेकराच्या छातीपाशी. तिथे तो पांढरा सगळ्यांत दाट होता.

मागच्या धुण्याच्या वेळी ज्याने कुणी हे पाहून काढलं, तो बिचारा आमच्यातलाच. उजेड पोराच्या अंगातून येतो, हे त्याला कुठून माहीत असणार? हनुवटीखाली पांढरं दिसलं, त्याला वाटलं, आईने फडकं बांधलंय. त्याची आई बांधत होती, बायको बांधत होती. त्याने व्यवस्थित काठ काढला, गाठ मारली. आणि आम्ही सगळे इतकी वर्षं त्या गाठीला हात जोडत आलो. माझ्या सासूबाई तर सांगायच्या, आई मासे सुकवायला निघालीय.

बैठक झाली, मासे कापले. जिन्नाई पेटले. फडकं काढायचं नाही म्हणाले. त्यांच्या आईने त्या फडक्याकडे बघून प्राण सोडला होता, आणि हे सांगताना त्यांचा आवाज चिरकला. मग आमचे हे म्हणाले, "जिन्नाईकाका, पेटीतलं चित्र थोरलं आहे. घरात थोरला असताना धाकट्याचं ऐकत नाहीत. थोरल्यात दिसतंय ते थोरल्याचं घ्या. थोरल्यात जे दिसत नाही, तेवढं धाकट्याचं." म्हणजे फडकं जाणार आणि डोळे धाकट्याच्या चित्रातले, आहेत तसेच बाहेर बघणारे. डोळ्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, पण निकाल लागला होता.

मला वाटलं, आता हात्सुनो ब्रश टाकून जाईल. दुसऱ्या दिवशी मी भात घेऊन गेले तर ती डोळे काढून बसली होती. बाहेर बघणारे. रेघ तीच.

मी तिच्यापुढे बसले. ती शिंपल्याचा पांढरा रंग सरसात कालवत होती. तिने मान वर केली नाही.

"डोळ्यांचं जाऊ दे," म्हणाली. "हिने बघितलं नाही, पण त्याचा उजेड हिच्या तोंडावर पडलाय. खाली पडल्या पडल्या त्या पोराला तो दिसतच असणार." मग जरा वेळाने, "त्या दिवशी तू माझ्या शेजारी होतीस. ऊन बोटीच्या बाजूने होतं ना?"

"होतं. सकाळ होती."

"माझा गाल ओला होता का गं? बोटीकडचा. डेकवरून चमकताना दिसला असेल?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? जिभेवर आलंच होतं. पण ती इतकी टक लावून बघत होती की खोटं बोलवेना. मी दीपस्तंभाच्या बाजूला उभी होते. तिने मान फिरवली होती ती माझ्याकडे.

"मी पलीकडे होते, हात्सुनो. मला तुझे डोळे दिसत होते. तो गाल नाही दिसला मला."

तिने हळूहळू मान हलवली. कालवता कालवता हात थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

"म्हणजे तो फक्त त्यालाच दिसला," म्हणाली, आणि ब्रश पांढऱ्यात बुडवून लेकराच्या छातीवर टेकवला.

ह्यांनी पाणी शिंपडलं, जीव आला, साके झाली. म्हातारे जिन्नाई फडकं नसलेल्या आईपुढे बसून खूप रडले आणि मग सगळ्यांपेक्षा जास्त प्यायले. हात्सुनोने त्यानंतर कितीतरी झेंडे रंगवले. मासे मागेच बघत राहिले. साकिची आला नाही, पत्रही नाही. दुपारच्या भोंग्याला ती आधीसारखीच ब्रश खाली ठेवत राहिली. गेल्या हिवाळ्यात ती गेली, झोपेतच. ब्राझीलला तार आम्ही केली.

एक गोष्ट मात्र बदलली होती. सणाला बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मधोमध बसतात, तिथून आई समोर दिसते. हात्सुनो मात्र त्या वर्षापासून उजव्या कोपऱ्यात जाऊन बसायची, फडताळाच्या बंद दाराच्या बाजूला, आणि इतकी वाकायची की हनुवटी चटईला टेकायला यायची. बायका म्हणायच्या, पाठ गेली बिचारीची. मीही तेच समजत होते.

या वर्षी सणाला ती जागा रिकामी होती. वाट्या घासून झाल्यावर, पुरुष गेल्यावर, मी सहज तिथे जाऊन बसले आणि तिच्यासारखी वाकले. तिथून अर्ध्या बंद दारामुळे आईचे डोळे दिसतच नाहीत. ती कुणीकडे बघतेय, काही कळत नाही. लेकरू दिसतं, वर बघणारं, आणि त्याच्यावर वाकलेला तिचा एक गाल, उजळलेला.